कोंबडा अर्ध्यापर्यंतच जायचा

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. तेवढ्यावरच घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या गल्लीने मला लिहिणारा ठरवून टाकलं. पाण्याचं कनेक्शन, रेशनकार्डात सुनेचं नाव, वरच्या नळावर दादागिरी करणाऱ्या बाईविरुद्ध तक्रार, सगळे अर्ज मी लिहिले. 'सविनय' आणि 'मेहरबान' हे शब्द माझ्या वयाच्या कुणी इतके वापरले नसतील. त्यातला एक अर्ज जरा जास्तच चांगला झाला. त्याबद्दल लिहितोय. मी लिहावं की नाही, हे अजून नीट ठरलेलं नाही.

माझे वडील दारूखान्याच्या धक्क्यावर जहाजं तोडतात, म्हणजे गॅस कटरने लोखंड कापतात. म्हातारं झालेलं जहाज भरतीच्या पाण्यात चिखलावर आणून लावतात आणि मग कित्येक महिने माणसं त्याला कुरतडत बसतात. लोकांना वाटतं, जहाज तोडणाऱ्यांच्या घरी काय काय येत असेल. आमच्याकडे दोनच गोष्टी आल्या. एक, मोरीचं दार. त्यावर इंग्रजीत 'कॅप्टन' अशी पाटी आहे, त्यामुळे आमच्याकडे आंघोळीला जाणारा प्रत्येक जण पाच मिनिटं कॅप्टन असतो. दुसरी, एक जाड पांढरा दोर. आईने तो गुंडाळून तापलेली भांडी ठेवायला चुंबळ केली. कितीही तापलेलं पातेलं ठेवा, जळत नाही म्हणून ती खूश होती.

दोर अॅस्बेस्टॉसचा आहे आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कायमची बसते, हे मला कॉलेजात कळलं. मी चुंबळ फेकून दिली. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चुंबळ फेकता आली, वडिलांचं काय करणार? ते सकाळी खोकतात तेव्हा बेसिनमध्ये काळं पडतं. जळक्या केबलचा, जुन्या रंगाचा, कशाकशाचा धूर त्यांच्या आत आहे, ते त्यांनाही माहीत नाही. आई त्यांचे कपडे वेगळे धुते, तरी बादलीच्या कडेला तेलाची रेघ राहतेच. मी केमिस्ट्री घेतली तेव्हा वडिलांना आनंद झाला होता. आता घरातच सगळं प्रॅक्टिकल आहे म्हणाले.

पण आमच्या घरातला खरा नोकरदार होता कोंबडा.

जहाजाच्या पोटात बंद टाक्या असतात. वर्षानुवर्षं बंद राहिल्या की आतला गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो, तळाला सडक्या तेलातून विषारी वायू साठतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत आडवा होतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. नियमाप्रमाणे आधी मीटर सोडून हवा तपासायची. वडिलांच्या टोळीत कोंबडा सोडायचे. टोपलीत बसवून दोरीने खाली, थोडा वेळ थांबायचं, मग वर. वर येऊन त्याने मान हलवली की माणूस उतरायला मोकळा.

टाकीचं काम असलं की वडील त्याला पिशवीतून बसने न्यायचे. कंडक्टर दर वेळी नवा वाद घालायचा. टाकीतून जिवंत आलेला कोंबडा कापायचा नाही, हा टोळीचा रिवाज होता. गावाहून पाहुणे आले की त्याच्याकडे बघून गिळायचे, आणि आई त्यांच्यापुढे वरण ठेवायची. याच्या आधीचा एक कोंबडा वर आलाच नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनी काम थांबवलं आणि मुकादमाने दिवसभर शिव्या दिल्या, कोंबड्यालाही.

वडिलांचा जोडीदार आमच्याच गावचा, आमच्याहून दोन घरं वर राहायचा. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला प्रोफेसर म्हणायचे आणि कोंबड्याला साहेब. मला एकदा म्हणाले, "कोंबडो परमनंट आसा, आम्ही कंत्राटी."

आमच्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांच्या वासाचा एक वायू तयार करतात, टाकीत साठतो तोच. तो जास्त असला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला. मी घरी येऊन वडिलांना विचारलं, की टोपली किती खाली सोडता?

"अर्ध्यावर. खाली तेल असता. बरबटलो तर धुतलो कोण? तुझी आवस?"

आईच्या धुण्यापेक्षा मला टाकीचा तळ दिसत होता. हा वायू हवेपेक्षा जड, तळाला बसतो. कोंबडा अर्ध्यापर्यंत जायचा आणि माणूस तळाला. इतकी वर्षं माझे वडील त्या कोंबड्याच्या मान हलवण्यावर जगत होते.

मग मी त्यांच्या मागेच लागलो. नवं जहाज लागलं होतं, पुढच्या आठवड्यात टाक्या उघडायच्या होत्या, आणि टाकीत नेहमी वडीलच आधी उतरायचे. मीटर तर आहे, ते म्हणाले, ऑफिसच्या कपाटात आहे, इन्स्पेक्टर आला की काढतात. मग मागा ना, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जहाज परत पाण्यात ढकलायला सांगत होतो. शेवटी मीच अर्ज लिहिला. सविनय, मेहरबान, सगळं घातलं. वायूचं नाव घातलं, तो जड का असतो तेही घातलं, आणि यापुढे पक्ष्याऐवजी यंत्राने हवा तपासावी अशी विनंती केली. 'कोंबडा' हा शब्द अर्जात बरा दिसेना. काकांनी तो गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचला. पक्ष्याऐवजी या शब्दावर ते इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं. पण सही पहिली त्यांनीच केली. मग टोळीतल्या सगळ्यांनी केली.

दोन दिवसांनी मुकादमाने मीटर काढलं. वडील घरी येऊन म्हणाले, "तुझा कागद चालला." जेवताना त्यांनी हे तीनदा सांगितलं. मी लाजल्यासारखं केलं.

टाकीच्या दिवशी कोंबडा घरीच राहिला. मी कॉलेजात प्रॅक्टिकलला होतो. दुपारी आईचा फोन आला. बाबांना दवाखान्यात नेलंय, टाकीत काहीतरी झालं, यापुढे तिला काही सांगता येत नव्हतं. मी रिक्षा पकडली. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, तिथे उतरून टॅक्सीसाठी हात करत उभा राहिलो. वीस मिनिटं एकही थांबली नाही. माझे बाबा मेले असतील तर ते माझ्याशी शेवटचं काय बोलले, हे मी आठवत होतो. मोरीतला साबण संपला, असं काहीतरी होतं.

ते खाटेवर होते. नाकातोंडावर ऑक्सिजन, डोळे उघडे. मला इतका आनंद झाला की मी हसलो. मग शेजारी काकू उभ्या दिसल्या. काकूंनी माझं हसणं पाहिलं होतं.

काय झालं ते वडिलांनी नंतर तुटक तुटक सांगितलं. मीटर दोरीला बांधून पार तळापर्यंत सोडलं, माझ्या कागदात लिहिलं होतं तसं. हिरवा दिवा होता. वडील शिडीवर पाय ठेवणार तेवढ्यात काकांनी त्यांना बाजूला केलं आणि म्हणाले, "प्रोफेसराच्या मशीनचा उद्घाटन मीच करतंय." ते तळाला पोचले आणि बसले. वडिलांना वाटलं, मस्करी करतायत. मग वडील धावले. अर्ध्या शिडीवरून बाकीच्यांनी त्यांना ओढून काढलं. काकांना वर आणलं तेव्हा ते गेलेले होते.

घरात मला कोणी काही बोललं नाही. आई नाही, वडील नाहीत, काकूही नाहीत. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मुकादम सगळ्यांना सांगत होता, की गॅस मागाहून कुठून तरी आला, नशीब. मीही ते धरून ठेवलं. केमिस्ट्रीत तसं होऊ शकतं. कुठलं झाकण हललं तर होऊ शकतं. मी पुस्तक काढून पाहिलं.

काकांच्या तेराव्याला दारूखान्यातला क्रेनवाला माझ्याजवळ येऊन बसला. खूप वेळ पत्रावळीच्या कडा दुमडत राहिला. वडील पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वाढत होते. त्यांच्याकडे एकदा बघून तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बाबांना माहीत नाही, सांगू पण नकोस. ते मीटर दाखवायचंच होतं रे. चालू केलं की हिरवा दिवा लागतो, कुठेही धर. आतलं काम बंद पडून दोन वर्षं झाली. मुकादमाला ठाऊक होतं, ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तुझा अर्ज वाचून म्हणाले, पोरगा शिकलेला आहे, देऊन टाका."