लीलाताईंचा ग्रीन टी

पडदा वर जातो तेव्हा जर्मनीतल्या नेकारसुल्म गावातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सकाळचे आठ वाजलेले असतात. शशिधरराव, मोटारींच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, ओट्याशी उभे राहून ग्रीन टी करताहेत. लग्नाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते बायकोसाठी चहा करायला शिकले. मी शेजारीण, एके काळची नटी. अशी तल्लीनता मी मोठमोठ्या नटांतही क्वचितच पाहिली.

लीलाताईंचं हिमोग्लोबिन फार उतरलं होतं. नाशिकला थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि रक्त वाढल्याशिवाय विमानप्रवास नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. ग्रीन टी हृदयाला चांगला, शरीर शुद्ध करतो, असं शशिधररावांनी इंटरनेटवर वाचलं. झालं! रोज लोहाची गोळी आणि सोबत वाफाळता कप, असे तीन महिने गेले. रक्त काही वाढेना. बहीण वाट बघत गेली.

परवा मी ताईंबरोबर दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. चहाबरोबर घेतल्यावर गोळीतलं लोह अंगी लागत नाही, म्हणाल्या.

घरात शिरताच आतून आवाज आला, "लीला, चहा आणि गोळी आणू का? आज जरा जास्तच कडक केलाय!"

मी बोलणार, तोच ताईंनी माझा हात दाबला.

"आणा हो," त्या म्हणाल्या. "गोळी मात्र दुपारी घेईन. आता कुठे जायची घाई आहे?"