गुरुदत्त सरांचा लाल झेंडा

गुरुदत्त सर अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. तिथे मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरकडून ते बांबूच्या तलवारीचा खेळ शिकले आणि अकरा वर्षं बदलापुरात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, तो शिकवत राहिले. जाळीचे मुखवटे उल्हासनगरच्या कारागिराने बनवले. आत 'मेड इन जपान'ची पट्टी त्याने न मागताच शिवून दिली.

मीही तीन वर्षं जात होतो. "तू भेंडी चिरशील, बाळा," सर प्रेमाने म्हणायचे.

त्यांचा एक नियम पक्का. वार बसला की नाचायचं नाही, समोरच्याचा मान ठेवायचा. आनंद दाखवला की गुण रद्द. नियम जपान्यांचाच, पण सरांच्या लग्नाच्या फोटोतही तो पाळलेला दिसतो.

यंदा सेक्रेटरी भगवानकाका म्हणाले, "सर, पोरं उरली चार. जिल्ह्याचं गोल्ड मेडल आणा, हॉल तुमचा. नाहीतर जूनपासून झुंबा. बायका थांबल्यात."

सगळी भिस्त नववीतल्या राजसीवर. ती फायनलला पोचली, समोर कल्याणची मुलगी. नियम धड माहीत असलेला माणूस जिल्ह्यात एकच, म्हणून पंचही सरच. कल्याणवाले म्हणाले, "तुम्हीच व्हा, तुमच्यावर भरवसा आहे." मी घड्याळ धरून बसलो होतो.

बरोबरी होती, वीस सेकंद उरलेली. राजसीचा वार कल्याणच्या मुलीच्या बरोबर डोक्यावर बसला. राजसीच्या बाजूचा, सरांच्या हातातला लाल झेंडा वर गेला. राजसी वळली, तलवार उंचावून उडी मारली, "सर, आपला हॉल!"

झेंडा क्षणभर वरच राहिला. मग सरांनी तो खाली आणून आडवा हलवला. गुण रद्द. उरलेल्या वेळात कल्याणची मुलगी जिंकली.

"अहो, आपल्याच पोरीकडे थोडा काणाडोळा केला असता तर कोण विचारणार होतं?" भगवानकाका म्हणाले.

"मी," सर म्हणाले.

जूनमध्ये झुंबा सुरू झाला. मुखवटे पोत्यात बांधून सरांच्या माळ्यावर गेले. राजसीने सरांशी बोलणं टाकलं. परवा मी सरांसोबत जिना चढत होतो, तर समोरून ती आली. थांबली, हात मांड्यांना लावून कमरेतून वाकली आणि निघून गेली. चेहऱ्यावर काहीच नाही, अगदी शिकवलं होतं तसं.

"पाठ बघ किती सरळ," सर म्हणाले.