सासूबाई जखमी झाल्या तो रविवार

भांडुपच्या टेकडीवर, चढणीच्या जवळजवळ टोकाला आमचं घर आहे. मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर डोंगराची लाल माती सुरू होते. पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची माणसं येतात, दरडीचा धोका असल्याचा कागद दारावर चिकटवतात. आम्ही तो वाचतो आणि कामाला लागतो. एका वर्षी मात्र ती माणसं रविवारी स्ट्रेचर घेऊनच आली.

"आज सराव आहे," त्यांच्यातल्या मॅडम म्हणाल्या. "शिटी वाजली की सगळ्यांनी खालच्या शाळेत जमायचं. आणि आम्हाला एक जखमी माणूस हवाय."

पोरं एकमेकांकडे बघून हसत राहिली. जखमी व्हायला कुणी तयार होईना. तेवढ्यात माझ्या सासूबाई पदर खोचून पुढे आल्या. "मी पडतंय," त्या म्हणाल्या. मुंबईत उभा जन्म गेला, तरी त्यांची मालवणी काही सुटलेली नाही.

मॅडमनी त्यांना समजावलं, "आजी, तुम्ही बेशुद्ध आहात. काही बोलायचं नाही." सासूबाईंना मी आईच म्हणते. आईंनी मान हलवली, डोळे मिटले. चौघांनी स्ट्रेचर उचललं. जरा खाली उतरलो नाही, तोच आवाज आला, "हळू रे, माका पाडशात."

"आजी, तुम्ही बेशुद्ध आहात ना?"

"मी बेशुद्ध आसंय, तुमी नाय. पायरी बघा, निसरडी आसा."

असं करत आम्ही गल्लीच्या वळणावर पोचलो आणि अडकलो. शेजारच्या काकांचा ओटा तिथे पुढे आलेला. स्ट्रेचर वळेना, तिरकं केलं तर आई घसरायला लागल्या. शेवटी त्या स्वतःच उठल्या, चालत वळण पार केलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडल्या. अख्खी गल्ली हसली. मॅडमही तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

काका तेवढे हसत नव्हते. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. ते ओट्याकडे बघत मला म्हणाले, "खरंच काही झालं, तर आमची आई इथून कशी जायची गं?" माझंही हसू थांबलं.

पुढच्या रविवारी काकांनी हातोडा घेतला आणि ओटा फोडला. संध्याकाळी बसायची त्यांची हक्काची जागा ती. आईंनी माझ्या हाती चहा पाठवला, वर निरोप दिला, "संध्याकाळी आमच्या दारात येवन बस म्हणान सांग."

त्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या घरामागची माती सरकली. आधी खडे पडल्याचा आवाज आला, मग धप्प झालं. कुणी वाद घातला नाही. सरावानंतर मॅडमनी शिटी आणि स्ट्रेचर गल्लीतच ठेवलं होतं; शिटी वाजली तसे सगळे निघालो. काकांची आई स्ट्रेचरवरून त्या वळणावर कुठेही न अडकता खाली आली. मातीचा ढीग आमच्या भिंतीला टेकून थांबला, कुणाला खरचटलंही नाही.

पाऊस ओसरेपर्यंत आम्ही शाळेतच राहिलो. लहान मुलांच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका गुडघे वर काढून बसल्या, मोठ्या टोपात पिठलं शिजलं, दुपारी फुगड्या झाल्या. मॅडम येऊन म्हणाल्या, माती उपसून झाली, आता घरी जायला हरकत नाही. सगळे सामान बांधायला लागले. आई पंख्याखालचा बाक सोडायला तयार होईनात.

"आजून जरा थांबूया गो," त्या मला म्हणाल्या, "वारो बरो येता हय."