स्लीपर घातलेला माणूस

कुत्र्याला मी स्लीपरनं मारलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायला गेलो तर मऊ करून सांगेन, तेवढा मी स्वतःला ओळखतो.

हा कुत्रा नागऱ्याच्या देवळाबाहेर, नारळाच्या दुकानाखाली सापडला होता. तांबडा, हाडकुळा, एक कान पडलेला. बायकोनं त्याला पिशवीत घालून फुलचूरला घरी आणलं आणि माझ्या कटकटीला न जुमानता तो आमचा झाला. स्वभावानं अगदी हळवा. कुणी मोठ्यानं बोललं तरी पलंगाखाली जायचा, आणि मोठ्यानं बोलणारा माणूस घरात एकच होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गावर चढलेला आवाज घरी येईपर्यंत उतरत नाही.

त्या उन्हाळ्यात घरामागची पाण्याची मोटर जळाली. इलेक्ट्रिशियन दोन दिवस 'आज येतो, उद्या येतो' करत राहिला. माझं डोकं फिरलं आणि नवी मोटर मीच जोडली. नळ, लोखंडी पाइप, मोटरचा लोखंडी स्टँड, सगळं एकाच सिमेंटच्या ओट्यावर. प्लग दोन पिनांचा होता, हिरव्या वायरला त्यात जागाच नव्हती, म्हणून ती कापून टेप गुंडाळून दिली. पाणी चढलं. बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात सायन्स."

पावसाळा लागला आणि कुत्रा बिघडला. मोटरचं बटण वाजलं की थरथर कापायचा. त्याचं स्टीलचं भांडं त्या ओट्यावर असायचं, त्याला तोंड लावेना. ओढत नेलं तर लहान लेकरासारखा रडायचा. एकदा असाच ओढून आणल्यावर हातातून सुटला आणि स्वयंपाकघरात जाऊन भीतीनं मुतला. तेव्हाच मी पायातली स्लीपर काढली. तो पळाला नाही. डोळे मिटून उभा राहिला.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "सर, बॉडी में कुछ नहीं है. डॉग सेन्सिटिव्ह है, किसी चीज का डर बैठ गया है. कब डरता है, लिखते जाइए." लिहिणं तर माझा धंदाच. मी वही केली. तारीख, वेळ, पाऊस, गडगडाट, घरात कोण आलं होतं. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच या वेळा त्या वहीत पुन्हा पुन्हा आल्या. मोटर आम्ही त्याच वेळी लावायचो. मी समोर लिहिलं, 'आवाजाची भीती', आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू ठेवल्या.

आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येते. बारा वर्षं झाली. धानाची रोवणी लागली की आमचं काम उरकून ती शेतावर जाते. तिचा हात रोपं लावण्यात इतका चालायचा की शेतवाले तिला महिनाभर आधी सांगून ठेवत. आमच्या घरात बाहेरची चप्पल चालत नाही, हा नियम माझा. आम्हा दोघांना घरात घालायला रबरी स्लीपर आहेत. तिला नव्हत्या. ती चप्पल फाटकाशी काढायची आणि अनवाणी त्या ओट्यावर भांडी घासायला बसायची. बारा वर्षांत हे मला कधी खटकलं नाही.

जूनमध्येच ती म्हणाली होती, "सर, त्या नळाले हात लावला का झिनझिन करते."

मी पेपरातून मान वर केली नाही. "हात सारखे पाण्यात राहतात बाई तुमचे. कमजोरी आहे ती. कॅल्शियम घ्या." बायकोच्या उरलेल्या गोळ्यांची पत्ती मीच तिला आणून दिली, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढे एकदा तिनं कुत्र्याचाही विषय काढला. "सर, लाईन गेली का हा तिथं मस्त लोळून राहते. लाईन आली का पळते. काऊन मारता त्याले? भेव लागून राहिला त्याले."

"कुत्र्याला काय विजेचं कळतं, बाई?" मी हसलो.  दुसऱ्या दिवसापासून तिनं पुढच्या पायरीशी एक प्लास्टिकचं घमेलं ठेवलं, त्यात ती कुत्र्याला पाणी द्यायची. तो तिच्या मागे मागे फिरू लागला. मला त्याचाही राग आला. खायला घालतो मी, आणि शेपूट हलवतो तिच्यासमोर!

पोळा झाल्यावर मी ठरवून टाकलं. चिचगडला माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. रानडुकरं धानात शिरतात, राखणीला कुत्रा हवाच होता. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, वेड्या कुत्र्यापायी घराचा दवाखाना करून ठेवता येत नाही.

रविवारी सकाळी, जायच्या आधी त्याला आंघोळ घालावी म्हणून मी मोटर लावली आणि त्याला दोरीनं ओट्याकडे ओढू लागलो. त्यानं चारही पाय रोवले. बाई दारात उभी होती. "सर, राहू द्या ना त्याले," ती म्हणाली. मी आणखी जोर लावला. तेवढ्यात स्लीपरचा पट्टा निघाला, अनवाणी पाय ओल्या ओट्यावर पडला आणि तोल सावरायला मी स्टँड धरला.

हात कुणीतरी खांद्यापासून पिळून काढल्यासारखं झालं. मी मागे चिखलात पडलो म्हणून सुटलो. दोरी सुटली तसा कुत्रा पुढच्या दारी पळाला. बाईनं धावत जाऊन मोटरचं बटण बंद केलं.

मी उठलो. टेस्टर आणला. तो घरातच होता, ड्रॉवरमध्ये, कुत्र्याच्या वहीला लागून. बटण पुन्हा लावून, दुसऱ्या स्लीपर घालून, नळाला टेकवला. दिवा लख्ख लागला. दरवर्षी मी वर्गात अर्थिंगची आकृती काढतो, हिरव्या खडूनं.

चिचगडला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग बाईकडे गेलो. ती पुढच्या पायरीवर कुत्र्याला मांडीशी घेऊन बसली होती. उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. नळात करंट होता. चूक माझी."

तिनं आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. बोटं उघडली, मिटली.

"मंग माह्या हातात कमजोरी नव्हती म्हना."

"नव्हती."

"मी तं या साली रोवणीलेच नाही गेली, सर. ती पत्ती सरली, मंग दुसरी आनून खाल्ली. तरी झिनझिन जाईना. वाटलं, हात गेले आता माहे. शेतवाल्याले मीच नाही म्हनून सांगतलं."

ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.   रोवणी होऊन दोन महिने झाले होते. बाहेर रस्त्यापलीकडे धान पोटरीला आलं होतं, दुसऱ्यांच्या हातांनी लावलेलं.

इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळं नव्यानं करून घेतलं. बाईसाठी रबरी स्लीपर आणल्या. कुत्र्याला महिना लागला. आधी ओट्याच्या कडेशी, मग एक पाय, मग एके दिवशी भांड्यात तोंड घालून लपलप पाणी प्यायला आणि येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. ज्या पायातली स्लीपर काढून मी मारलं होतं, त्याच पायावर.

बाईसाठी आणलेल्या स्लीपर अजून कागदातच आहेत. बाई रोज सकाळी बादलीत पाणी घेते आणि पुढच्या पायरीवर, उन्हात, भांडी घासते. ओटा आता धोक्याचा नाही, हे तिला सांगायला हवं. दोनदा तिच्यापर्यंत जाऊन परत आलो. ती ऐकेल. मी सांगितलं की ती ऐकते.