दारात बसणाऱ्या मावशी

लेक बाळंतपणाला कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर आली आणि मी हौसेनं सगळं साग्रसंगीत मांडलं. डिंकाचे लाडू, ओव्याची धुरी, कोळशाची शेगडी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बेडरूमच्या खिडकीच्या फटींना चिकटपट्टीसुद्धा लावली. मी एकदा मनावर घेतलं की अर्धवट काही करत नाही.

न्हाऊ-माखू घालायला बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एक मावशी यायच्या. त्यांच्या हाताचं तेल लागलं की नात निवांत, आणि शेक सुरू झाला की घर डोक्यावर. मावशींची एकच खोड होती. शेगडी आत आली की त्या खोलीच्या उघड्या दाराला पाठ लावून बसायच्या. मी म्हणायचे, "मावशी, आत सरका, दार लावू दे."

"ऱ्हाऊ दे ताई, कोंडतंय," म्हणायच्या आणि तसूभर हलायच्या नाहीत. माझ्याच घरात माझं कोणी ऐकत नाही, याचा मला भयंकर राग यायचा.

दहाव्या दिवशी पाड्यावर कुणाची तरी हळद होती, म्हणून मावशी आल्या नाहीत. मला आनंदच झाला. शेगडी फुलवून पलंगाखाली सरकवली, नातीला लेकीच्या कुशीत दिलं आणि दार घट्ट लावून शेजारी बसले. थोड्या वेळानं लेक म्हणाली, "आई, डोकं जड झालंय गं. मळमळतंय."

"जागरण," मी म्हटलं. मग माझंही कपाळ ठणकायला लागलं. आणि लक्षात आलं, शेक चालू आहे आणि नात गप्प आहे.

उठले तर पाय माझे वाटेनात. कसंबसं दार उघडलं, नातीला उचललं, लेकीला ओढत गॅलरीत आणलं. इतकी मी जन्मात घाबरले नव्हते. मग नातीनं असा गळा काढला की समोरच्या बिल्डिंगीतली माणसं खिडकीत आली.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. "कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार उघडं ठेवलंत तरी भरवसा नाही. शेगडी घरात नकोच."

दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या कुडाच्या घराला फटीच फटी. तुमचं घर डब्यासारखं बंद, म्हणून दार धरून बसायची मी. पण शेगडीच नको, हे मलाबी नाय सुचलं."

शेगडी माळ्यावर गेली. मी खिडकीची चिकटपट्टी सोलून काढली. मावशींनी तव्यावर तापवलेल्या कापडानं शेक दिला आणि सवयीनं दारात जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले आणि त्यांच्या शेजारीच टेकले.

नात आत बोंबलत होती. "अगं, घ्या ना तिला कोणीतरी," लेक वैतागली. आम्ही दोघी चहा पीत ते रडणं ऐकत बसून राहिलो.