वॉल्टरकाकांनी पॉवर सप्लाय निवडला

आमच्या पापडी गावात कोणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी वॉल्टरकाकांना बोलावणं जायचं. आमच्या शेजारचेच ते. बँकेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त माणसाकडे असतो तेवढा आत्मविश्वास बाळगून असलेले. त्यांची परीक्षा एकच. वस्तू उचलायची, डोळे मिटायचे आणि तळहातावर जरा खालीवर करायची. जड लागली तर चांगली, हलकी लागली तर फसवणूक. पंखा, कुकर, कलिंगड, नाताळचा केक, सगळ्यांना हाच न्याय. मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे सासऱ्यांच्या घराचं दार ढकलून बघितलं आणि अंगणातच होकार दिला. सेलिनकाकी चांगल्या निघाल्या, त्याचं श्रेयही काका त्या दारालाच देत.

काकी शाळेत शिकवायच्या. नोकरी संपल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात, तेव्हा बायका गाणी म्हणतात. ती सगळी गाणी पाठ असलेली बाई एकच उरली होती, भुईगावची मार्गारेटमावशी. काकी तिच्या ओटीवर जाऊन बसायच्या, गाणी कागदावर उतरवून घ्यायच्या आणि घरी येऊन टाइप करायच्या. कॉम्प्युटर मुलाचा, केल्विनचा; तो दुबईला जाताना मागे ठेवून गेला होता. मावशीबरोबर गाणीही जातील ही एकच धास्ती काकींना होती. मावशी गेलीच, पण शेवटचं गाणं टाइप होऊन झाल्यावर. तिच्या मातीहून आल्यावर काकी त्या मशिनवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून होत्या.

"आता सगळं आत आहे ना?" असं म्हणून काकांनी कच्चे कागद रद्दीवाल्याला दिले. रद्दीचं वजन चांगलं भरलं म्हणून खूशही झाले.

मग कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. माझी मुलगी अमिषा तेव्हा कॉम्प्युटरच शिकत होती. तिने बघितलं आणि सांगितलं, आतला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, गेलाय, नवीन घाला. तिला घेऊन काका संग्रामच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. संग्रामने दोन डबे पुढे ठेवले. एक साधा, करड्या रंगाचा. दुसऱ्यावर सोनेरी स्टिकर, आणि स्टिकरवर वॉटचा असा आकडा की पाहणाऱ्याने टोपी काढावी.

"काका, साधा घ्या," अमिषा म्हणाली. "स्टिकरवर काहीपण लिहितात. आपल्याकडे लाइट येते-जाते, व्होल्टेज उड्या मारतं. हा स्वस्तातला सोनेरी उडाला ना, तर गाणी आहेत ती हार्ड डिस्कपण घेऊन जाईल."

काकांनी डोळे मिटले. आधी हा उचलला, मग तो. "पोरी, सोनेरी जड आहे."

चांगल्या पॉवर सप्लायला वजन असतं हे खरंच होतं. पण ते लबाड लोकांनाही माहीत होतं.

अमिषा ऐकेना, तेव्हा काका दोन्ही डबे उचलून थेट पापडीच्या बाजारात गेले. पाचूबंदरची विनया बोंबील विकत बसली होती. काकांनी तिचा तराजू मागितला.

"हा कोनचा मासा आनला, वॉल्टरशेट?"

"तू तोल फक्त."

तिने दोन पारड्यांत दोन डबे ठेवले. भोवती बाजार जमला. सोनेरी डब्याचं पारडं खाली गेलं तशी टाळ्या पडल्या. "जड हाय तो घे आनि माझा काटा सोड," विनया म्हणाली. निकाल लागला. अमिषा साधा डबा हातात धरून, बोंबलांचा वास सोसत उभी राहिली.

सोनेरी डबा बसला आणि कॉम्प्युटर झकास चालू लागला. मग काय विचारता! पार कामण गावापासून माणसं काकांना विचारायला येऊ लागली. संग्रामही शहाणा, त्याने साधे डबे ठेवणंच बंद केलं. अमिषा मात्र काकींच्या मागे लागली होती, गाण्यांची एक सीडी काढून ठेवू या. काकांनी कोरी सीडी बोटावर तोलली. "ह्याच्यावर मावशीची सगळी गाणी? फुंकर मारली तर उडेल!" काकी हसल्या. सीडी काढायची राहिलीच.

एका संध्याकाळी लोडशेडिंग संपून लाइट आली आणि काकांच्या घरात फाटकन आवाज झाला. आम्ही धावलो. खोलीभर जळका वास. अमिषाने सोनेरी डबा काढून उघडला. आत चिमूटभर तारा, आणि एका बाजूला डिंकाने चिकटवलेलं सिमेंटचं ढेकूळ. हार्ड डिस्क संपली होती. तिने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली, मुंबईला दाखवून आणली. काही उपयोग झाला नाही.

डबा उघडला त्याच संध्याकाळी काकांनी ते ढेकूळ उचललं होतं. सवयच ती, डोळे मिटून तळहातावर खालीवर केलं. "सिमेंट मात्र चांगलं वापरलंय," ते म्हणाले. मला इतका संताप आला की ते त्यांच्याच पायावर टाकावंसं वाटलं.

"खाली ठेवा ते," सेलिनकाकी म्हणाल्या.

अमिषाचं लग्न ठरलं तेव्हा विहिरीवर जायला सगळी आळी आली. बायकांनी नव्या साड्या नेसल्या होत्या, हंड्यांना झेंडूच्या माळा होत्या. पाणी काढायच्या आधी गाणं म्हणतात, म्हणून सगळ्यांनी काकींकडे बघितलं. काकींनी दोन ओळी म्हटल्या. आवाज छान लागला होता. तिसरी ओळ आली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबल्या. पुढचं कोणालाच येत नव्हतं. बायका हंडे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी वॉल्टरकाकांनीच मान खाली घालून बँडवाल्याला वाजव म्हणून हात केला.