हंडाभर सोवळ्याचं पाणी

लालबागच्या चाळीत कुशाबा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याचा फलक रंगवायला बसला होता. पाटीवरचा जुना रंग काढायला त्याने बालदीत कॉस्टिक सोडा घेतला आणि वरून बदाबदा पाणी ओतलं. सोडा तापून उसळला नि त्याच्या उजव्या हातावर उडाला.

"मेलो! वहिनी, खोबरेल द्या!"

शेजारच्या शेवंतीवहिनी नैवेद्य रांधत होत्या. त्यांचे यजमान गिरणीच्या रंगखात्यात, त्यामुळे असल्या भाजण्यावर तेल नव्हे, भरपूर पाणी लागतं हे त्यांना ठाऊक होतं. पण नळ गेलेला. घरात होतं ते देवासाठी सोवळ्यात भरलेलं पाणी. वहिनींनी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले आणि अख्खा हंडा त्याच्या हातावर धारेनं रिकामा केला.

"भावजी, आधी पाणी घ्यावं, मग त्यात थोडा थोडा सोडा टाकावा. डोळ्यांत उडाला असता म्हणजे?"

हात नुसता लाल झाला. संध्याकाळी फलकही रंगला. राहिलं होतं ते देवाचं पाणी भरून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा ओलेत्यानं, डाव्या खांद्यावर हंडा घेऊन कुडकुडत नळावरून आला आणि साऱ्या गॅलरीला ओरडून सांगू लागला, "शिवू नका रे, सोवळ्यात आहे! संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"